ओली तार

"आजोबा, तुमच्या दोघांपैकी खोटं कोण बोलतं हो?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि तिला वाटलं, आता धूम ठोकावी. पण तशी सोय नव्हती. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात चष्मिष आणि लंबू, तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणी, खोडरबर निवडायचं सोंग करत उभ्या होत्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. "वादविवादात शाळेत पहिली आलीस ना? मग आधी तुमच्या गल्लीतला वाद सोडवून दाखव. विचार तोंडावर. आहे हिंमत?"

हिंमत तर हल्ली नुसती उतू चालली होती. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात उभं केलं की जिची जीभ टाळूला चिकटायची, तिला आता घरात सगळे भोंगा म्हणत होते.

फळीवर बसलेल्या दोन्ही म्हाताऱ्यांनी माना वर केल्या.

"हा," टेलरआजोबांनी हातातली सुई तिच्या आजोबांवर रोखली.

"हा," तिच्या आजोबांनी स्टोव्हची पिन टेलरआजोबांवर रोखली.

मग दोघंही असे खदखदून हसले की समोर लंबूच्या हातून खोडरबरांचा डबाच सांडला.

दोघांची दुकानं खांद्याला खांदा लावून होती. एकात स्टोव्हदुरुस्ती, दुसऱ्यात शिलाई. मध्ये एक लांब फळी, दोघांच्या सामाईक मालकीची. गॅस आल्यापासून आजोबांकडे स्टोव्ह येत ते आठवड्याला एखाद-दुसरा. वायसर बदला, बर्नर साफ करा, एवढंच काम. टेलरआजोबांकडेही नवे कपडे कुणी टाकत नसे. पँट आखूड करा, चेन बसवा. त्यामुळे संध्याकाळ झाली की दोघांनाही भांडायला भरपूर वेळ असे.

भांडण एकच. गल्लीतल्या पोराटोरांनाही ते पाठ होतं.

"माझ्याच पेटीनं उडाला पूल," आजोबा म्हणायचे.

"हट्! तुझी तार ओली होती."

"सांध्याला मेण लावलं होतं मी."

"मेण! मेणबत्ती तरी होती का रे तुझ्याजवळ? अंधारात चाचपडत होतास, माझ्याकडे काडेपेटी मागायला आला होतास."

"आलो होतो, आणि तू दिली नव्हतीस!"

"मग मेण वितळवलंस कशावर, फुंकर मारून?"

झालं. लोक जाता जाता थांबत, एखादी काडी टाकत आणि हसत पुढं जात. दुसऱ्या महायुद्धात दोघं एकाच पलटणीत होते, एवढं सर्वांना ठाऊक होतं. माघार घेताना नदीवरचा पूल उडवायचा होता. रस्त्याच्या डाव्या अंगाला एका खड्ड्यात आजोबा, उजव्या अंगाला दुसऱ्या खड्ड्यात टेलरआजोबा. प्रत्येकाजवळ दांडा असलेली एकेक पेटी. पेटीतून तार निघून पुलाखालच्या सुरुंगांपर्यंत गेलेली. साहेबाची शिट्टी झाली की दोघांनी एकदम दांडा दाबायचा. एक पेटी फसली तरी दुसरी आहेच. उजाडताना शिट्टी झाली, पूल उडाला. आता तो कुणाच्या पेटीनं उडाला, यावर दोघं आयुष्यभर हटून बसले होते. गल्लीला वाटे, शौर्याचं श्रेय हवंय म्हाताऱ्यांना. तिलाही तसंच वाटे.

"हसण्यावारी नेऊ नका," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अंतिम फेरीत माझा विषय आहे, महायुद्धांच्या आठवणी जपाव्यात की विसराव्यात. मी जपाव्यात या बाजूनं. पण आठवणीच दोन असल्या तर जपायची कुठली? रविवारी मी इथं कोर्ट भरवणार. उलटतपासणी घेणार दोघांची."

"अरे बापरे, वकिलीणबाई!" टेलरआजोबांनी गळ्यातली टेप काढून दोन्ही हातांना बेडीसारखी गुंडाळली. "फाशी देऊ नका म्हणजे झालं. दोन पँटी राहिल्यात द्यायच्या."

घरी तिनं जेवताना हे मोठ्या थाटात सांगितलं. बाबांनी मान वरच केली नाही. "मोठ्यांच्या भानगडीत पडू नकोस."

"पण बाबा, इतिहास आहे हा! आमच्या पुस्तकात दोन्ही महायुद्धं मिळून चार पानं. त्यात तह आहेत, सनावळ्या आहेत, आपल्या गल्लीतली माणसं कुठायत?"

आई वाढता वाढता थांबली. "तुझी आजी सांगायची, लग्न झाल्यावर कितीतरी दिवस आजोबा तोंडातून शब्द काढत नसत. दुकानात बसायचे, घरी यायचे, भिंतीकडे तोंड करून निजायचे. मग एक दिवस हे टेलर कुठूनसे पत्ता काढत आले. शेजारचा गाळा रिकामा होता, तो घेतला. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी भांडण काढलं म्हणे. ऐकून आजी घाबरली. पण त्या रात्री आजोबा जेवताना पहिल्यांदा काहीतरी बोलले."

"काय बोलले?"

"तार ओली नव्हती म्हणाले."

ती हसली. आई हसली नाही. पण लेकीच्या डोक्यात तेव्हा प्रश्नांची फौज कवायत करत होती. आईच्या चेहऱ्याकडे बघायला कुणाला फुरसत होती!

रविवारी कोर्ट भरलं. न्यायाधीश चष्मिष, पट्टेवाला लंबू. लंबूनं "हाजिर हो" अशी काही आरोळी ठोकली की स्टेशनरीवाले काका पैसे मोजायचे सोडून दारात येऊन उभे राहिले.

"साक्षीदार पहिला, स्टोव्हवाले! पेटी कशी दाबतात ते कोर्टाला दाखवा."

आजोबांनी एक स्टोव्ह पायांत धरला आणि पंपाचा दांडा वर ओढला. "असं. गुडघे टेकायचे. दोन्ही तळवे दांड्यावर. हनुवटी छातीला भिडवायची आणि डोकं खाली, पार खाली. नाहीतर उडालेला धोंडा येऊन कवटी फोडतो. शिट्टी झाली की सगळं अंग त्याच्यावर टाकायचं. धोंडे पडायचे थांबेपर्यंत मान वर करायची नाही."

"दोघांनाही हेच शिकवलं होतं?"

"दोघांनाही. एकाच दिवशी, एकाच साहेबानं."

"मी याच्यापेक्षा लवकर शिकलो, हे लिहून घ्या," टेलरआजोबा म्हणाले.

"साक्षीदार दुसरा, टेलर! पूल पडताना कसा दिसत होता?"

"पूल पडताना दिसतो तसा."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी होता. मग नव्हता."

चष्मिषनं हसू दाबत टेबल म्हणून ठेवलेल्या डब्यावर पट्टी आपटली. ती मात्र हटली नाही. वादात समोरचा निसटायला लागला की त्याला डिवचायचं, हे तिला सरांनी शिकवलं होतं. "बघा, यांना काहीच आठवत नाही! कसं आठवेल? मला तर वाटतं, टेलरआजोबा त्या वेळी खड्ड्यात नव्हतेच. मागं आचाऱ्याच्या तंबूत चहा पीत बसले होते!"

"चहाच!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. "आणि वर साखर मागत असणार!"

सगळे हसले. टेलरआजोबांच्या गालावर एकदम रक्त चढलं. थट्टेचीच लाली होती ती, पण थट्टेच्या भरात माणूस बोलून जातो.

"चहा? अरे, डोळ्यांदेखत गेला तो पूल! मधली कमान आधी वर उचलली गेली, अलगद. मग शिवण उसवत जावी तसे दगड सुटत गेले, त्या टोकापासून या टोकापर्यंत. बाई मधोमध होती. डोक्यावरची ट्रंक तिनं खाली ठेवली होती, पोराच्या बुटाची नाडी सुटली होती म्हणून. ती वाकून बांधत होती. पोरगं दुसरा पाय हलवत होतं, नाचल्यासारखं, आणि ती त्याला म्हणत असणार की थांब रे जरा, थांब..."

आजोबांच्या मांडीवरची थाप तिथंच राहिली होती.

तिला बाई ऐकू आली नाही. ट्रंक नाही, नाडी नाही, पोरगं नाही. तिला दिसली ती फक्त फट, आणि त्या फटीत शिरायला ती टपूनच बसली होती.

"सापडलं!" ती जवळजवळ उडीच मारून ओरडली. "न्यायाधीश महाराज, दांडा दाबताना डोकं खाली घालायचं असतं, हे आत्ताच सिद्ध झालं आहे. धोंडे थांबेपर्यंत मान वर करायची नाही. मग यांना कमान उचललेली दिसली कशी? बाई दिसली कशी? यांची मान वर होती! म्हणजे यांनी दांडा दाबलाच नाही! एकच पेटी दाबली गेली, ती माझ्या आजोबांची. पूल माझ्या आजोबांनीच उडवला!"

चष्मिष आणि लंबूनं टाळ्या पिटल्या. स्टेशनरीवाले काकाही "वा!" म्हणाले. तिनं विजयी मुद्रेनं आजोबांकडे पाहिलं.

आजोबा टेलरआजोबांकडे पाहत होते.

"दाबला नाहीस?"

"पोरीचं काय घेऊन बसलास! तुझी तार ओली होती."

वाक्य तेच होतं. रोजचंच.

"माणसं होती, ते ठाऊक होतं मला," आजोबा सावकाश म्हणाले. "नंतर पाण्यात सामान दिसलं होतं. पोरगं केवढं होतं रे?"

"मला नाही आठवत."

"आठवतंय तुला."

टेलरआजोबा गळ्यातली टेप गुंडाळू लागले. आजोबांनी स्टोव्ह खाली ठेवला, हात पुसले आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. संध्याकाळ अजून बरीच बाकी होती.

त्यानंतर ते शटर उघडलं नाही. आजोबा खोलीतून जेवणापुरते बाहेर येत. घास चावायचा राहून जाई आणि आई "आजोबा," अशी हाक मारी, तेव्हा कुठं जबडा हले. रात्री ते भिंतीकडे तोंड करून निजत. तिनं आजीच्या तोंडचं जे फक्त आईकडून ऐकलं होतं, ते आता तिच्या डोळ्यांसमोर, तिच्याच घरात घडत होतं.

संध्याकाळी टेलरआजोबा खिडकीखाली येऊन उभे राहत. दम लागलेला असायचा. त्यांच्या दुकानापासून घर तसं चढावर होतं. "ए स्टोव्हवाल्या! तुझी तार ओली होती, ऐकतोयस ना? भिजून चिंब होती!" आजोबा उठत आणि खिडकी लावून घेत. आदळत नसत. घरात कुणी आजारी झोपलेलं असावं, तशी हळूच लावत.

"आजोबा, मी चुकले," ती एकदा दाराशी उभी राहून म्हणाली.

"तू कुठं चुकलीस? बरोबरच होतं तुझं." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ते रागावले असते, तर तिला इतकं रडू आलं नसतं.

अंतिम फेरीत समोरच्या शाळेचा मुलगा तावातावानं म्हणाला, "ती युद्धं आपली नव्हतीच! राज्य दुसऱ्यांचं, भांडण दुसऱ्यांचं, मेले मात्र आपले. कशाला कवटाळून बसायचं? विसरा!" तिच्या भाषणात पुलाचा एक अख्खा परिच्छेद होता, सर म्हणाले होते, हा परिच्छेद बाण आहे, जपून सोड. तो तिनं गाळला. बाकीचं मात्र पाठ होतं, ते घडाघडा बाहेर पडलं. "खरं काय घडलं ते कळलंच पाहिजे! खऱ्याला घाबरून कसं चालेल?" असं ती म्हणाली, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं खाली पाहिलं. आजोबांसाठी आईनं धरून ठेवलेल्या खुर्चीवर आईची पर्स होती.

ती जिंकली. सरांनी तिथल्या तिथं सांगितलं, आता जिल्ह्याची मोठी फेरी, उद्यापासून रोज शाळा सुटल्यावर सराव. ट्रॉफी पिशवीत कोंबून ती घरी गेलीच नाही. तडक टेलरआजोबांकडे गेली.

ते दुकानामागच्या खोलीत खाटेवर पडून होते. चढावर ये-जा करून छातीत कफ भरला होता. छातीवर पसरलेली कुणाची तरी आखूड करायची पँट, आणि हातात सुई.

"या, वकिलीणबाई. केस जिंकलात?"

ती दारातच हमसून रडायला लागली.

"अगं, पुढं येऊन रड. तिथून लोकांना वाटेल मी गेलोच. आणि या पँटवर थेंब पाडू नकोस, परकं कापड आहे."

"मला काय ठाऊक होतं? मला वाटलं तुम्ही दोघं मोठेपणासाठी भांडता."

"तसं वाटावं म्हणूनच भांडत होतो ना."

"तुम्ही दांडा का नाही दाबलात?"

त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. "हातच उठले नाहीत. त्यात चांगुलपणा वगैरे काही नव्हता, बरं का. ते पोरगं पाय हलवत होतं आणि माझे हात माझे राहिले नाहीत. शिट्टी झाली. याच्या पेटीनं काम केलं."

"मग तुमचा काय दोष? आणि आजोबांचा तरी काय? त्यांना तर दिसलंच नव्हतं!"

"दोषाचं कोण बोलतंय? पेट्या दोन ठेवायचे. साहेब म्हणायचा, एक फसली तर दुसरी असावी. आम्हा पोरांना मात्र वाटायचं, बरं झालं दोन आहेत. पुढं कुणा एकालाच झोप उडवून बसावं लागायचं नाही. निम्मं तुझं, निम्मं माझं. माझं निम्मं मी घेतलंच नाही. ते सगळंच्या सगळं त्याच्या अंगावर पडलं. मग ते परत मागायला नको? लढाई संपल्यावर शोधत आलो त्याला. सरळ मागितलं असतं तर दिलं नसतं त्यानं, हट्टी आहे. म्हणून भांडून मागत होतो. रोज थोडंथोडं."

खोलीत रॉकेलचा वास भिंतीपलीकडून झिरपत होता. बंद दुकानातला.

"तार खरंच ओली होती?" तिनं नाक पुसत विचारलं.

"सगळंच ओलं होतं. पाऊस लागला होता." ते हसले, मग खोकले. बराच वेळ खोकत राहिले. "मी उठेन चार दिवसांत. पण तोवर हा जिंकलो म्हणून बसला की संपलं. त्याला एकट्याला जिंकू द्यायचं नाही. मेणाचं काढलं त्यानं, की मेणबत्तीवर न्यायचं. ठिणगी दिसली म्हणाला, की..."

"की विचारायचं, डोकं खाली होतं तर दिसली कशी?"

टेलरआजोबा तिच्याकडे बघतच राहिले. "हे इतक्या वर्षांत माझ्या टाळक्यात आलं नाही बघ," ते म्हणाले, आणि सुई पुन्हा उचलली.

चार दिवसांत ते उठले नाहीत. त्याआधीच, सकाळी दूधवाल्यानं दार ठोठावलं आणि आतून आवाज आला नाही. उशाशी पँट घडी घालून ठेवली होती, काम पूर्ण झालेली.

त्या दिवशी आजोबा घराबाहेर पडले. स्मशानापर्यंत सोबत चालले, कुणी खांद्यावर हात ठेवला तर तो ठेवू दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं. आईला हायसं वाटलं. बाबा म्हणाले, "बरं झालं, मन रमेल."

सराव बुडवून शाळेतून येताना ती समोरच्या दुकानात थांबली. आज खोडरबर घ्यायचं सोंग तिला एकटीलाच करायचं होतं. आजोबा फळीवर आपल्या बाजूला बसले होते. पुढ्यातल्या स्टोव्हचं काम कधीच संपलं होतं, तरी ते फडक्यानं पितळ घासत होते. सूर्य खाली उतरला. लोक येत-जात होते.

"माझ्याच पेटीनं उडाला," आजोबा म्हणाले.

शेजारच्या शटरला कुलूप होतं. आजोबांनी मान जराशी कलती केली, कमी ऐकू येणारं माणूस करतं तशी, आणि वाट पाहिली. मग फडकं दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, थोडं मोठ्यानं. स्टेशनरीवाले काका दुसरीकडे बघू लागले.

तिच्या हातातला खोडरबर केव्हा तुटला, तिला कळलं नाही. तिनं त्याचे पैसे दिले आणि घरी न जाता शाळेकडे परत गेली. सर अजून होते.

रात्री आजोबा झोपायला गेल्यावर ती आईबाबांसमोर जाऊन उभी राहिली. सभेत उभी राहायची तशी. फक्त आवाज आज भोंग्याचा नव्हता.

"मी मोठ्या फेरीला जाणार नाही. सरांना सांगून आले. माझ्याऐवजी चष्मिष जाईल."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "डोकं ठिकाणावर आहे का? एवढी जिंकलीस, आणि आता?"

"सराव संध्याकाळी असतो. संध्याकाळी मला दुकानात बसायचंय, आजोबांशी वाद घालायला."

"कसला वाद?"

"पूल त्यांच्या पेटीनं उडाला नाही. तार ओली होती."

"अगं, पण तूच तर सगळ्यांसमोर..." बाबा बोलता बोलता थांबले. आईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला होता.

"तेव्हा मी घाईत होते. त्यांचं डोकं खाली होतं, त्यांनी काही पाहिलेलं नाही. पलीकडून शत्रूच्या तोफाही चालू होत्या, कुणी सांगावं? माझ्याकडे पुष्कळ मुद्दे आहेत, बाबा. मी उद्यापासून जातेय." ती आईकडे वळली. "आणि आई, मला यायला उशीर होईल. पहिल्याच दिवशी ते काही ऐकायचे नाहीत."